गळणे हा दोष कधी झाला? : धाराशिव जिल्ह्यातील वंगण आणि गिअरबॉक्सचा मागोवा

धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाची साधने कोणती, असे विचारले तर आपण सहज यादी देतो. तेरचे उत्खनन, नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले, देवस्थानांची जुनी कागदपत्रे, हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्या आठवणी. या यादीत गॅरेजच्या जमिनीवर पडलेला तेलाचा काळा डाग कोणी धरत नाही. गेली काही वर्षे मी जिल्ह्यातील रस्तेवाहतुकीविषयी टिपणे जमवतो आहे. त्यासाठी उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर, कळंब या गावांतील जुन्या मिस्त्रींकडे बसणे झाले. त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हटकून येतो : गिअरबॉक्सचे तेल गळते आहे, पण ते नेमके कुठून?

हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. गाडीतून तेल गळणे हा दोष आहे, असे आपण कधीपासून मानू लागलो? कारण एके काळी ते तसे नव्हते. या दोन प्रश्नांचा माग एकत्र घेतला तर बैलगाडीपासून आजच्या मोटारीपर्यंतचा आपल्या भागाचा एक न लिहिलेला इतिहास हाती येतो. त्या इतिहासातून निघणारा धडा आज रोज प्रवासी वाहून पोट भरणाऱ्या चालकाच्याही कामाचा आहे.

आख, तुंबा आणि वंगण

सुरुवात बैलगाडीपासून करावी लागते. लाकडी चाकाचा तुंबा लोखंडी आखावर फिरतो. दोहोंमध्ये वंगण नसेल तर चाक करकरते, तापते, तुंबा झिजतो. म्हणून गाडीखाली वंगणाची नळी लटकवलेली असे आणि लांबच्या वाटेवर गाडीवान मधूनच थांबून आखाला वंगण देई. हे वंगण आत राहावे अशी कोणतीही सोय गाडीत नव्हती. ते तुंब्याच्या कडेने बाहेर येई, धुळीत मिसळून काळे होई आणि खाली पडे.

यात एक शहाणपण होते. बाहेर येणारे वंगण आत शिरू पाहणारी धूळ सोबत घेऊन जात असे. काळ्या मातीच्या आणि मुरमाच्या रस्त्यांवर ही गोष्ट मोठी होती. गाडीवानाने ‘वंगण का गळते?’ असे कधी विचारले नाही. त्याचा प्रश्न ‘वंगण पुरेसे आहे का?’ एवढाच होता. विहिरीवरच्या चामड्याच्या मोटेचेही तेच. मोट वर येताना पाणी सांडतच येई. शेतकरी सांडलेले पाणी मोजत नसे, पाटाला किती लागले ते पाही. फार फाटली तर चर्मकाराकडून टाका घालून घेई.

वंगणाच्या पदार्थांतही एक दुवा आहे. एरंडाचे तेल घट्ट असते आणि तापलेल्या धातूला चिकटून राहते. आपला जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, ते संस्थान हिंदुस्थानातील एरंडीच्या पिकाचे मोठे केंद्र होते. इंग्लंडमध्ये सी. सी. वेकफील्ड कंपनीने १९०९ मध्ये मोटारी आणि विमानांसाठी जे तेल बाजारात आणले, त्यात एरंडेल होते आणि एरंडाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच त्याला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव पडले. म्हणजे मोटारीच्या वंगणाची ओळख आपल्या शिवारातल्या बांधावर आधीपासूनच होती.

यंत्र आले आणि चामडेही आले

दातेरी चाके सरकवून वेग बदलण्याची गिअरबॉक्सची पद्धत फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांच्या मोटारींतून १८९०च्या दशकात रूढ झाली. पूर्वीच्या गिअरबॉक्समध्ये घट्ट ग्रीस किंवा जाड तेल भरत. डब्यातून फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेर येतो तिथे फट राहणारच. ती बुजवायला नमद्याची किंवा चामड्याची कडी बसवत, किंवा दांड्यावर तेल मागे फेकणारे आटे पाडत. रबर वापरता येत नव्हते, कारण साधे रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. त्यामुळे गळती थांबत नसे, कमी होत असे.

हैदराबाद संस्थानात निजाम स्टेट रेल्वेच्या रस्तेवाहतूक विभागाने १५ जून १९३२ रोजी २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांवर सुरुवात केली. स्कॉटलंडमध्ये बनलेल्या अल्बियन गाड्या त्यात होत्या. इकडे आपल्या जिल्ह्याला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी होती. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आलेली ही लाइन १९११ मध्ये येडशी, तेर, ढोकी असे करत लातूरला पोहोचली. उस्मानाबाद शहर मात्र त्या रुळांच्या बाजूलाच राहिले. जिल्ह्याच्या ठिकाणाला रस्त्यावर आणि मोटारीवर विसंबावे लागले, ते थेट एकविसाव्या शतकात रुंद मार्ग शहरातून जाईपर्यंत.

त्या काळच्या मोटारीवर ड्रायव्हरसोबत क्लीनर असे. नावात सफाई असली तरी त्याचे खरे काम पाणी, तेल आणि ग्रीस पाहण्याचे होते. सकाळी गाडीखाली शिरायचे, नट हाताने चाचपायचे, तेल उतरले असेल तेवढे भरायचे. गळती गृहीत होती, म्हणूनच तपासणी रोजची होती. हा संबंध लक्षात ठेवावा, पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

याच सुमारास जर्मनीत या फटीवर उपाय निघत होता. वाईनहाइम येथील फ्रॉयडेनबर्ग ही १८४९ पासून चामडे कमावणारी कंपनी. १९२९ च्या मंदीत चामड्याला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा तिने मोटारींसाठी चामड्याची सीले करायला घेतली. वाल्टर सिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या नावावरून ‘सिमररिंग’ हे सील पुढे आले : लोखंडी कडीत बसवलेला ओठ आणि तो दांड्यावर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. १९३०च्या दशकात तेलाला दाद न देणारे कृत्रिम रबर निघाले आणि ओठ चामड्याऐवजी रबराचा झाला. आज धाराशिवच्या कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात ‘ऑइल सील’ म्हणून जे मिळते, त्याची घडण हीच.

या सीलविषयी एक गोष्ट फारशी माहीत नसते. सीलचा ओठ दांड्यावर कोरडा घासत नाही. दोघांमध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असावा लागतो. तो नसेल तर ओठ जळतो, कडक होतो, तडकतो. म्हणजे उत्तम सीलही किंचित ओले असते. अनुभवी मिस्त्री ‘घाम’ आणि ‘गळती’ यांत फरक करतात, त्याला असा शास्त्राचा आधार आहे. डबा नुसता ओलसर दिसतो, धूळ चिकटते, पण थेंब धरत नाही, तो घाम. थेंब धरून पडतो ती गळती.

सोलापूरच्या रस्त्याने आलेली जीप

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला आणि ती उमरग्याच्या रस्त्याने हैदराबादकडे सरकली. १७ सप्टेंबरला संस्थानाने शरणागती पत्करली. हा इतिहास आपण दरवर्षी मुक्तिदिनाला सांगतो. रणगाडे, ट्रक आणि जीप यांचा एवढा मोठा ताफा जिल्ह्याच्या लोकांनी त्याआधी पाहिला नव्हता.

जीप हे दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य. अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. महायुद्धानंतर उरलेल्या जीप हिंदुस्थानात विकल्या गेल्या आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. खेड्यात सरकार दिसू लागले ते बहुधा जीपच्या रूपाने. गटविकास अधिकाऱ्याची जीप वेशीतून आत आली की शाळेच्या मास्तरांपासून पाटलापर्यंत सगळे सावध होत.

या जीपच्या पोटात एकाला एक जोडलेले दोन डबे असत. पुढे गिअरबॉक्स आणि मागे चारही चाकांना जोर वाटून देणारा ट्रान्सफर केस. गळतीचा माग काढण्याची शाळा मराठवाड्यातल्या मिस्त्रींनी या दोन डब्यांवर केली, असे म्हटले तरी चालेल. या गाडीत तेल तीन तऱ्हांनी फसवत असे.

पहिली तऱ्हा पुढच्या बाजूची. गिअरबॉक्सच्या तोंडातून निसटलेले तेल क्लचच्या घरात उतरते आणि खालच्या भोकातून थेंब पडतो. पण इंजिनच्या मागच्या सीलमधून आलेले तेलही त्याच भोकातून पडते. खालून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. क्लच प्लेट ओली होऊन घसरू लागते, आणि दोष मात्र प्लेटला दिला जातो.

दुसरी तऱ्हा मागची. जीपचा हॅन्डब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकावरील ड्रमवर असे. तिथले सील गेले की तेल ब्रेकच्या लायनरवर येई आणि हॅन्डब्रेक धरत नसे. सोलापूरहून तुळजापूरला चढताना घाटात गाडी उभी करायची वेळ आली, तर चाकामागे दगड लावायला कोणीतरी आधी उडी मारावी लागे. सीलची किंमत किरकोळ, पण जिवाची गाठ त्याच्याशी.

तिसरी तऱ्हा सर्वांत कठीण. दोन डब्यांच्या मधल्या बेअरिंगमधून तेल एका डब्यातून दुसऱ्यात जाई. बाहेर एक थेंब पडत नसे, आणि तरीही एक डबा रिकामा होत जाई, दुसरा काठोकाठ भरून सीलवर ताण आणी. जमिनीवर डाग नाही म्हणजे गळती नाही, हा समज इथे खोटा ठरतो.

अमेरिकन सैन्याने या जीपसाठी १९४४ मध्ये काढलेल्या ‘टीएम ९-८०३’ या पुस्तिकेत चालकाने गाडी सुरू करण्यापूर्वी जमिनीवर गळतीच्या खुणा पाहाव्यात, मूळ शोधून ती दुरुस्त करावी किंवा वर कळवावी, असे काम रोजच्या यादीत घातलेले आहे. ते वाचताना मला आपल्या जुन्या क्लीनरची आठवण झाली. पुस्तिका त्याने पाहिलेली नव्हती, पण काम तेच करीत होता.

थेंब पडतो एकीकडे, मूळ असते दुसरीकडे

जुन्या मिस्त्रींची शोधाची रीत मी अनेकांकडून ऐकली. तपशील थोडे बदलतात, गाभा एकच आहे. ती नोंदवून ठेवणे हा या लेखाचा एक हेतू आहे.

आधी तेल ओळखायचे. बोटावर घेऊन चोळायचे आणि वास घ्यायचा. इंजिनचे तेल, त्यातही डिझेल गाडीचे, काळे आणि जळकट. गिअरचे तेल जाड, चिकट, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास. दातांवरचा दाब सोसण्यासाठी त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्ये घातलेली असतात, हा वास त्यांचा. ब्रेकचे आणि क्लचचे तेल पातळ, पाण्यात मिसळणारे आणि रंग खाणारे. इथे चूक झाली तर पुढचे सगळे काम वाया जाते.

मग धुवायचे. रॉकेल आणि ब्रशने डबा लख्ख करायचा, फडक्याने कोरडा करायचा, आणि वर खडूची भुकटी उडवायची. गाडी दहा-वीस किलोमीटर पळवून आणायची, म्हणजे तेल तापते. परत आल्यावर भुकटी जिथे पहिल्यांदा ओली झाली ते पाहायचे. गाडी पळताना वारा तेल मागे लोटतो आणि उताराने ते खाली ओघळते. म्हणून मूळ नेहमी ओल्या भागाच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत पुढच्या टोकाला शोधायचे. थेंब धरतो ते ठिकाण हा प्रवासाचा शेवट असतो.

एवढे सापडले की नवा मिस्त्री सील बदलतो. जुना तसे करत नाही. तो आधी डब्याच्या डोक्यावरचा ब्रीदर पाहतो. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते आणि या बारीक वाटेने बाहेर पडते. आपल्याकडच्या धुळीने आणि पावसाळ्यातल्या चिखलाने ती वाट बुजली की दाब वाढतो आणि तेल सीलमधून ढकलले जाते. अशा वेळी दहा सीले बदलली तरी गळती थांबत नाही, आणि तारेचा एक तुकडा घालून ब्रीदर मोकळा केला की थांबते. नंतर पातळी. भरायच्या नटापर्यंत तेल हवे, बोट घालून पाहायचे. जास्त भरले असेल तर ते बाहेर येणारच, त्याला गळती म्हणू नये.

त्यानंतर दांडा हाताने हलवून बेअरिंगची ढिलाई पाहायची. दांडाच डोलत असेल तर नवे सील चार दिवसांत जाते. दांड्यावर जुन्या ओठाने खाच पाडलेली असेल तर नवे सील किंचित आत किंवा बाहेर बसवायचे, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. झाकणाचे पॅकिंग फाटले असेल तर पुठ्ठा झाकणावर धरून कडेने हातोडीने हलके ठोकत त्याच मापाचे नवे कापायचे. हे पॅकिंग कापणे मी पाहिले आहे. माप घेण्यासाठी पट्टी वगैरे काही लागत नाही.

उपायांत लबाडीही होती. गळक्या डब्यात नव्वद नंबरऐवजी एकशे चाळीस नंबरचे जाड तेल भरले की गळती मंदावते, पण थंडीच्या सकाळी गिअर पडत नाही. विकाऊ गाडीच्या डब्यात लाकडाचा भुसा घालून आवाज आणि गळती लपवण्याची युक्ती तर जगभरची. चुकीच्या तेलाचा धोका आणखी वेगळा. डिफरन्शियलसाठी असलेले ‘जीएल-५’ प्रतीचे तेल ज्या गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात तिथे घातले, तर त्यातली द्रव्ये तापल्यावर पितळ खाऊ शकतात. म्हणून डब्यावरचे अक्षर वाचणारा मिस्त्री खरा जाणकार समजला जाई.

डाग नाहीसा झाला, तपासणीही गेली

१९८०च्या दशकापासून पुढे दोन गोष्टी घडल्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल पुढेच, एका गठ्ठ्यात होते. मागे जाणारा लांब दांडा गेला, आणि त्याच्यासोबत गळतीची जुनी ठिकाणेही गेली. आता तेल सुटले तर दोन्ही बाजूंच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सीलमधून. शाफ्टच्या रबरी टोपीतून फेकले गेलेले ग्रीस आणि गिअरचे तेल यांत फरक करायला नव्याने शिकावे लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे कमांडर, ट्रॅक्स यांसारख्या गाड्यांची काळी-पिवळी वाहतूक. एसटी जिथे दिवसातून दोनदा जाई, तिथे ही गाडी माणसे भरली की निघे. आश्विनात नवरात्र आणि कोजागरीच्या पौर्णिमेला तुळजापूरकडे लोटणारी गर्दी, कळंबचा बाजार, उमरग्याहून खेड्यापाड्यात परतणारे मजूर, या सगळ्यांचा भार तिच्यावर. गाडी कर्जाची, चालक बहुधा मालकही तोच. क्लीनर ठेवणे परवडेना. गाडीखाली शिरून नट चाचपणारा माणूस असा हळूहळू नाहीसा झाला.

त्याच काळात सीले सुधारली, डबे बंदिस्त झाले. ही प्रगतीच आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. जमिनीत मुरणारे तेल कमी झाले, हा फायदाही मोठा. पण बदल एवढाच झाला नाही. गळणे हा दोष ठरला, तेव्हा ‘गळत नाही’ याचा अर्थ लोकांनी ‘पाहायला नको’ असा घेतला. अनेक नव्या गाड्यांत गिअरबॉक्सची पातळी पाहायला पट्टीच नसते. खाली प्लॅस्टिकचे आवरण असते. थेंब त्यावर साठतो, जमिनीवर डाग पडत नाही. पहिली खबर मिळते ती बेअरिंगच्या घरघरीतून, किंवा पाचवा गिअर आवाज करू लागल्यावर. तेव्हा उशीर झालेला असतो. सीलच्या आणि लिटर-दोन लिटर तेलाच्या खर्चात जे भागले असते, त्यासाठी कित्येक महिन्यांची कमाई जाते.

म्हणजे गळक्या गाडीच्या काळात गिअरबॉक्स कोरडा पडून मोडणे तुलनेने अवघड होते, कारण रोज कोणीतरी पाहत होते. न गळणाऱ्या गाडीची क्वचित होणारी गळती अधिक महाग पडते, कारण ती पाहणारे कोणी नाही. माझ्या टिपणांतून निघणारा निष्कर्ष हा आहे, आणि तो केवळ जुन्या काळाच्या आठवणीसाठी मांडलेला नाही. आजही सर्व्हिसिंगच्या वेळी खालचे आवरण काढायला लावून डबा पाहणे, पातळीच्या नटात बोट घालायला सांगणे आणि ब्रीदर मोकळा आहे का ते विचारणे, एवढे कोणताही चालक करू शकतो.

राहिला प्रश्न नोंदींचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबादमधून मुंबई राज्यात आला आणि इथली सरकारी बससेवा पुढे एसटीत मिसळली. हा कारभाराचा इतिहास कागदावर आहे. पण त्या गाड्या ज्यांनी चालत्या ठेवल्या, त्यांचे ज्ञान कागदावर नाही. ते वासात, बोटांत आणि पुठ्ठ्यावर पडणाऱ्या हातोडीच्या आवाजात आहे. ज्यांनी जीप उघडल्या ते मिस्त्री आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची मुले कॉम्प्युटर लावून दोष शोधतात, आणि ते योग्यच आहे. मात्र गिअरबॉक्समधील तेलाची पातळी त्या यंत्राला बहुतेक गाड्यांत कळत नाही.

तालुक्याच्या प्रत्येक गावात एक तरी जुने गॅरेज असते. इतिहासाचे विद्यार्थी, महाविद्यालये, ग्रंथालये यांनी तिथल्या माणसांच्या मुलाखती घ्याव्यात, हाताने बनवलेली हत्यारे पाहावीत, कोणती गाडी कोणत्या वर्षी आली आणि ती कुठून गळत होती हे लिहून घ्यावे. उमरग्याच्या एका मिस्त्रींनी मला त्यांच्या जुन्या वहीची पाने दाखवली. गाडीचा नंबर, तारीख आणि पुढे एकच शब्द : ‘पुढून’, ‘मागून’, ‘ब्रीदर’. जिल्ह्याच्या रस्त्यांविषयी इतकी नेमकी नोंद मला दुसऱ्या कोणत्याही दप्तरात मिळालेली नाही.